हलणारे कान, फिरणाऱ्या मुठी

भांड्यांचे कान, दांडे आणि मुठी यांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सारख्या अडचणींना एकाच ठिकाणी उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे 12 लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आहे. एका बाजूचा कान हलतो. त्याचं रिव्हेट (कान भांड्याला जोडणारी, टोक ठोकून डोकं घडवलेली खीळ) दोनदा ठोकून घेतलं, दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत पुन्हा सैल. आता तर रिव्हेटच्या कडेने पाणीही झिरपतं. ठोकणारा चुकतोय की रिव्हेट खराब आहे?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही, भोक मोठं झालं आहे. रिव्हेट ठोकताना त्याचं अंग फुगतं आणि भोकात गच्च बसतं, शिवाय दोन्ही डोक्यांमध्ये पातेल्याचा पत्रा आणि कानाची पट्टी आवळली जाते. कान धरून ठेवतो तो हा आवळ. तो एकदा सुटला की प्रत्येक उचलीला रिव्हेट भोकाची कड घासतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे गोल भोक वर-खाली लांबट होत जातं. अशा भोकातल्या रिव्हेटवर हातोडा मारला की डोकं चपटं होऊन कान तेवढ्यापुरता दबतो, पण आतलं अंग भोक भरून काढत नाही. पंधरा दिवस टिकलं हेच पुष्कळ.

तेव्हा हातोडा उचलण्याआधी नेमकं काय हलतंय ते बोटांनी बघा. भांडं रिकामं आणि कोरडं करा. अंगठा आतल्या डोक्यावर असा ठेवा की अर्धा डोक्यावर आणि अर्धा पत्र्यावर येईल, आणि दुसऱ्या कुणाला तरी कान हळूहळू वर-खाली करायला सांगा. डोकं कानाबरोबर हलत असेल तर पत्र्यातलं भोक मोठं झालंय. डोकं स्थिर पण बाहेरची पट्टी हलते, तर पट्टीचं भोक किंवा बाहेरचं डोकं झिजलंय. डोकं आणि पट्टी दोन्ही जागेवर, पण पत्राच ‘टक्’ आवाज करून आत-बाहेर होतो, तर रिव्हेटचा नाद सोडा आणि ती जागा पुसून उजेडात धरा. भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी चीर दिसण्याची शक्यता मोठी आहे. रिव्हेटभोवती काळपट राखाडी वर्तुळ असेल तर ती घासल्या गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. ती पुसली आणि आठवड्यात परत आली, तर सांधा आत हलतोय हे नक्की.

भोक अजून गोल आहे आणि कान नुकताच हलू लागला आहे, एवढंच असेल तर ठोकून काम होतं. आतल्या डोक्याला 2 ते 3 किलोचा लोखंडी ठोकळा घट्ट टेकवा आणि बाहेरून हातोडा मारा. ठोकळा हलका असला किंवा नीट टेकला नसला, तर हातोड्याचा जोर रिव्हेटऐवजी पत्रा सोसतो आणि पातेल्याला पोचा येतो. आतलं डोकं घुमटासारखं असेल तर ठोकळ्यात त्याच मापाची उथळ वाटी कोरून घ्यावी, नाहीतर डोकं आत चपटं होतं आणि त्याच्या कडेखाली फट उघडते.

तुमच्या बाबतीत मात्र जुनं रिव्हेट काढून एक माप मोठं घालणं हाच इलाज. 5 मिमीचं असेल तर 6 मिमीचं. काढायचं बाहेरच्या बाजूने. डोक्याचा माथा कानशीने सपाट करा, बरोबर मधोमध सेंटर पंचाने (खूण करायच्या टोकदार पोलादी खिळ्याने) खूण करा, आधी 3 मिमीचं ड्रिल आणि मग रिव्हेटच्या अंगापेक्षा अर्धा मिमी बारीक ड्रिल चालवा, पण फक्त डोक्याच्या जाडीपुरतं. ड्रिल आरपार गेलं तर ते हमखास थोडं तिरकं जातं आणि भोक आणखी बिघडतं. डोकं पोखरलं गेलं की छिन्नीच्या एका टोल्यात उडतं. मग भांड्याच्या आत, त्या डोक्याखाली मधोमध भोक असलेला लाकडी ठोकळा धरा आणि बाहेरून पंचाने अंग आत ढकला. ड्रिलबरोबर अख्खं रिव्हेटच गरागरा फिरू लागलं, तर ड्रिलवर जोर वाढवू नका. आतलं डोकं पकडीने धरा, किंवा बाहेरचं डोकं छिन्नीने आडवं तोडा.

आता पत्रा आणि पट्टी एकत्र धरून भोक नव्या मापाला गोल करा. 6 मिमीच्या रिव्हेटला 6.1 ते 6.2 मिमीचं भोक पुरे. रिव्हेट बोटाने दाबल्यावर जेमतेम आत जायला हवं. टपकन पडत असेल तर भोक मोठं झालं. यानंतर दोन्ही थर वेगळे करा आणि भोकांच्या कडांवरचा कीस काढा. ही पायरी सगळेच गाळतात. दोन थरांमध्ये अडकलेला ड्रिलचा एक बारीकसा किसदेखील तिथे फट ठेवतो, आणि गळती तिथूनच सुरू होते.

लांबीचा हिशेब सोपा आहे. पत्रा 2 मिमी, पट्टी 3 मिमी, मिळून 5 मिमी. बाहेर डोकं घडवायला रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट टोक शिल्लक लागतं, म्हणजे 6 मिमीला 9 मिमी. एकूण 14 मिमी, डोक्याच्या खालून मोजलेले. टोक यापेक्षा लांब राहिलं तर ठोकताना एका बाजूला कलंडतं आणि डोकं तिरकं बसतं. आखूड राहिलं तर डोकं पातळ होऊन कडेला तडकतं. लांब असेल तर कापता येतं, म्हणून शंका असेल तेव्हा लांब रिव्हेट घ्यावं.

तयार डोकं भांड्याच्या आत आणि ठोकायचं टोक बाहेर, पट्टीवर. उलटं केलं तर ओबडधोबड बाजू अन्नाकडे येते आणि पातळ पत्र्यावर हातोड्याचे व्रण उठतात. कानाला दोन रिव्हेटं असतात, तेव्हा एका भोकात तात्पुरता बोल्ट आवळून ठेवा म्हणजे पट्टी सरकणार नाही. रिव्हेट घातलं, आत ठोकळा टेकवला, की लगेच टोकावर हातोडा मारू नका. आधी टोकावर 7 मिमी भोकाची जाड नळी किंवा मोठा नट बसवा आणि त्यावर दोन टोले द्या. त्याने पट्टी आणि पत्रा एकमेकांना चिकटतात. हे न करता ठोकलं तर रिव्हेटचं अंग त्या दोघांमधल्या फटीतच फुगतं, तिथे त्याची चकती बनते आणि मग कितीही ठोका, फट मिटत नाही. पट्टी चिकटल्यावर 250 ते 300 ग्रॅमच्या गोल तोंडाच्या हातोड्याने दोन-तीन सरळ, जोरकस टोले द्या. त्यांनी अंग भोकात फुगतं. त्यानंतर कडेने फिरत हलके टोले देऊन डोक्याला गोलाई आणायची. तयार डोकं रिव्हेटच्या दीडपट रुंद, म्हणजे साधारण 9 मिमी, झालं की थांबा. टिचक्या मारत बसल्याने अ‍ॅल्युमिनियम कडक होत जातं आणि शेवटी डोक्याच्या कडेला बारीक चिरा पडतात.

तपासणीसाठी रिव्हेट बुडतील इतकं पाणी भरा, बाहेरून कोरडं पुसा आणि अर्धा तास ठेवा. नंतर कोरडा कागद रिव्हेटभोवती दाबून बघा. कागद ओलसर झाला तर आतल्या डोक्याला टेकू देऊन बाहेरून आणखी एक-दोन टोले. मग भांडं काठोकाठ भरून जमिनीपासून फक्त बोटभर वर उचला. त्यात 12 किलो पाणी आहे. कान सुटायचाच असेल तर तिथे सुटू दे, शेगडीवरून उतरवताना नको. दुसऱ्या बाजूचा कान हलत नसला तरी त्याचीही बोटाने तपासणी करा. दोन्ही कानांनी सारखंच ओझं वाहिलेलं असतं.

प्रश्न : भोक इतकं लांबट झालंय की 6 मिमीचं रिव्हेटही त्यात खेळतं. भांडं टाकून द्यायचं का?

उत्तर : नाही. लांबटपणा 1 मिमीपर्यंत असेल तर आणखी एक माप वर जाता येतं, पण पट्टीच्या कडेपर्यंत किती धातू उरतो ते बघा. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या दुप्पट अंतर हवं. 6 मिमीला 12 मिमी. त्याहून कमी उरलं तर भोकाची कड फाटते. अशा वेळी जास्त चांगला मार्ग म्हणजे कानच 30–40 मिमी बाजूला सरकवून नवीन भोकं पाडणं, आणि समोरचा कानही तेवढाच, त्याच दिशेने फिरवणं, म्हणजे भांडं उचलताना कलणार नाही. जुन्या भोकांत दोन्ही बाजूंना त्याच धातूच्या चकत्या घालून आखूड रिव्हेटं ठोका. दिसायला ठिगळ दिसेल. गळणार नाही.

चीर पडलेली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. चिरेच्या टोकाला 2–3 मिमीचं भोक पाडून ती पुढे सरकण्यापासून थोपवता येते खरी, पण अन्नाच्या भांड्याला आणखी एक भोक कशाला? तो पत्रा थकलेला आहे. भांडं कोरड्या साठवणीसाठी वापरा.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या तळणीच्या पॅनला आतून जी रिव्हेटं दिसतात त्यांच्याभोवती पांढरी पूड जमते. घासली की जाते, पुन्हा येते. दांडाही किंचित हलू लागला आहे.

उत्तर : पॅन स्टीलचं असलं तरी रिव्हेटं अ‍ॅल्युमिनियमची आहेत. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, वर खारट ओलावा, अशी जोडी जमली की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. इथे स्टीलचा पसारा मोठा आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठिपका लहान. हे प्रमाण झिजेला आणखी वेग देतं. भांडी धुण्याच्या यंत्रातली पावडर क्षारधर्मी असते, ती अ‍ॅल्युमिनियमला थेट खाते. पांढरी पूड हा त्याच झिजेचा उरलेला भाग. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळजवळ दीडपट फुगतं आणि थंड झाल्यावर आकसतं, म्हणून सांधा रोज थोडा ताणला जातो, थोडा सुटतो.

तीच रिव्हेटं पुन्हा घातली तर तेच पुन्हा होणार. स्टीलच्या भांड्याला स्टीलचंच रिव्हेट हवं, पण 5 मिमीचं स्टेनलेस रिव्हेट थंड स्थितीत घरच्या हातोड्याने बसवणं कठीण आहे. प्रत्येक टोल्यासरशी ते जास्त कडक होतं. ज्याच्याकडे दाबयंत्र आहे अशा पत्राकाम करणाऱ्याकडून बसवून घ्या.

घरी करायचंच तर स्टेनलेसचा एम-5 (5 मिमी जाडीचा) बोल्ट वापरा: गुळगुळीत, चपट्या घुमटाचं डोकं आत, बाहेर दातेरी वॉशर आणि पूर्ण धातूचा लॉक नट. बोल्टच्या डोक्यावर ‘ए-2’ असा शिक्का असेल तर तो सर्वसाधारण स्टेनलेस, ‘ए-4’ असेल तर मिठाला आणखी दाद न देणारा. लोहचुंबकावर फार विसंबू नका. थंड स्थितीत घडवलेले चांगले स्टेनलेस बोल्टही चुंबकाला किंचित ओढले जातात. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आत अजिबात नकोत, आंबट पदार्थात जस्त विरघळतं. नायलॉनची चकती असलेला लॉक नटही टाळा. नायलॉन 120 अंशांच्या आसपास ढिलं पडतं आणि पॅनच्या भिंतीला तेवढं तापमान रोजचंच.

बोल्टची एक उणीव मान्य करायला हवी. रिव्हेटसारखं त्याचं अंग फुगत नाही, आट्यांतून ओलावा बाहेर येऊ शकतो. तेव्हा भोक 5.2 मिमीपेक्षा मोठं ठेवू नका, आणि रिव्हेटची जागा जर भांडं भरल्यावर बुडणारी असेल तर रिव्हेटच बसवून घ्या. तळणीच्या पॅनला सहसा एवढी अडचण येत नाही.

प्रश्न : पॉप रिव्हेटची पिस्तूल घरात आहे. त्याने पाच मिनिटांत काम होणार नाही का?

उत्तर : होईल, आणि पाच आठवड्यांत सुटेल. पॉप रिव्हेट पोकळ असतं. मधला खिळा ओढून तुटतो तेव्हा त्याचा तुकडा आत राहतो, तो बहुतेकदा साध्या लोखंडाचा, म्हणजे गंजणारा. पोकळीत अन्नाचे कण आणि पाणी साचतं, साफ करता येत नाही. त्याच मापाच्या भरीव रिव्हेटपेक्षा ते कमजोर तर असतंच, पण मुख्य म्हणजे लांब दांड्याचं पॅन उचलताना वरच्या रिव्हेटवर उपटण्याचा जोर येतो आणि पॉप रिव्हेट नेमकं त्याच दिशेला दुबळं आहे. बंद तोंडाची पॉप रिव्हेटं मिळतात, ती गळत नाहीत. त्यांचाही उपयोग झाकणाच्या बाहेरच्या पट्टीसारख्या हलक्या कामापुरता. भरलेलं भांडं उचलायच्या कानाला नको.

प्रश्न : सॉसपॅनची बेकेलाइटची मूठ फिरते. स्क्रू आवळला की दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. आता स्क्रू नुसताच फिरतो, आवळतच नाही.

उत्तर : या दोन वेगळ्या बिघाडांची गाठ पडली आहे.

पहिला बिघाड मुठीचा. बेकेलाइट वितळत नाही, पण 150 अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की करपतं, ठिसूळ होतं आणि आकसतं. ज्योत भांड्याच्या तळाबाहेर येत असेल तर ती नेमकी मुठीच्या मुळाशी चाटते. मूळ अर्धा मिमी आकसलं की स्क्रूने धरलेली पकड संपली. तुम्ही पुन्हा आवळता, ते पुन्हा करपतं. मूठ काढून तिचं भांड्याकडचं टोक नखाने खरवडून बघा. चकचकीत आणि टणक असेल तर ठीक. खडूसारखी काळी भुकटी निघाली किंवा बारीक भेगा दिसल्या तर मूठ बदला, आवळण्यात अर्थ नाही. मूठ आणि भांडं यांच्यामध्ये पत्र्याची एक लहान टोपी असते, ज्योत अडवणारी. दुरुस्तीत ती बरेचदा हरवते आणि कुणाला आठवतही नाही. तिच्याशिवाय नवी मूठही टिकणार नाही.

दुसरा बिघाड आट्यांचा. भांड्याला जोडलेली पट्टी 1.5 मिमी जाडीची असेल तर एम-5 स्क्रूचे जेमतेम दोन आटे तिच्यात बसतात, कारण एका आट्याचं अंतर 0.8 मिमी असतं. दोन आट्यांवर मूठ तोलायची आणि वर पेचकस पिळायचा, मग आटे जाणारच. पट्टीच्या मागे हात पोचत असेल तर सरळ मागे स्टेनलेस नट लावा, स्प्रिंग वॉशरसकट. पट्टी जाड असेल किंवा भरीव खुंटा असेल तर नवे आटे पाडता येतात: एम-5 चे गेले असतील तर 5.0 मिमीचं ड्रिल आणि एम-6 चा टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार). एम-4 चे गेले असतील तर 4.2 मिमीचं ड्रिल आणि एम-5 चा टॅप. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवावा, म्हणजे कीस तुटत जातो. सलग पिळला तर टॅप तुटून खुंट्यात अडकतो, आणि मग भांडंच बाद. स्क्रू त्याच्या जाडीइतका तरी आत जायला हवा, एम-5 असेल तर 5 मिमी.

आणखी एक गोष्ट बघा. स्क्रू मुठीशिवाय नुसता खुंट्यात घाला आणि तो तळाला टेकेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजा. समजा एम-5 चा स्क्रू 10 फेरे फिरला, म्हणजे 8 मिमी खोली. मुठीतून बाहेर येणारा स्क्रू 9 मिमी असेल तर तो मूठ आवळण्याआधीच तळाला टेकणार. हाताला ‘घट्ट झाला’ असं वाटतं, मूठ मात्र सैलच. 2 मिमी स्क्रू कापला की प्रश्न मिटतो. हरवलेल्या स्क्रूच्या जागी डब्यातला हाताला लागेल तो घातला की ही गंमत हमखास होते.

आवळताना स्क्रूचं डोकं मुठीला टेकल्यावर फक्त पाव फेरा. बेकेलाइट ताण सोसत नाही, भोकापासून उभी चीर जाते. आटे धरून ठेवणारं निळं, मध्यम ताकदीचं द्रव बाहेरच्या स्क्रूला एक थेंब चालेल. त्याची मर्यादाही साधारण 150 अंश. अन्नाच्या बाजूला ते लावू नका.

प्रश्न : पातळ स्टीलच्या पातेल्याचा कान उखडला. रिव्हेट नव्हतंच, नुसते ठिपके होते. एका ठिपक्याच्या जागी भोक पडलं आहे.

उत्तर : ते ठिपके म्हणजे स्पॉट वेल्डिंग. दोन पत्रे दाबून मधून वीज सोडली की तेवढ्या जागी धातू वितळून एक होतो. ठिपका स्वतः सहसा सुटत नाही. त्याच्या कडेचा पातळ पत्रा वाकून-वाकून तुटतो आणि ठिपका कानाबरोबर निघून येतो. म्हणून भोक पडलं.

भोक नसतं तर कान पुन्हा स्पॉट वेल्ड करता आला असता, जुन्या ठिपक्यांपासून 10–15 मिमी सरकवून. भोक आहे तेव्हा आर्गॉन वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आडोशात केलेलं). कारागिराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आतली बाजू अन्नाची आहे, आणि 304 जातीच्या स्टीलला 308-एल ची भरणी (सांध्यात वितळवायची तार) वापरा. आतून काळे, खरखरीत फोड राहिले तर ते घासून गुळगुळीत करून घ्या. तसेच ठेवले तर तिथून गंज सुरू होतो. पत्रा 0.5 मिमीच्या आसपास असेल तर चांगला कारागीरही ‘नको’ म्हणेल, आणि तो बरोबर असेल.

डाख लावून कान जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शिशाचा डाख अन्नाच्या भांड्याला विषारी. बिनशिशाचा कथील-चांदीचा डाखही 221 अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी, भार पेलताना हळूहळू सरकू लागतो. दोन नळ्यांच्या एपॉक्सी लुगद्याबद्दलही दोन पत्रं आली आहेत. तो लुगदा बाहेरून कितीही दगडासारखा वाटला तरी तापल्यावर मऊ पडतो आणि अन्नाला लागण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

प्रश्न : प्रेशर कुकरच्या मुठीचा स्क्रू बसत नाही. भिंतीला भोक पाडून आरपार बोल्ट घातला तर?

उत्तर : मुळीच नाही. कुकरच्या भिंतीत किंवा झाकणात ड्रिल चालवायचं नाही, वेल्डिंगही नाही. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची मूठ आणि स्क्रू आणा. मूठ ज्यावर बसते ती पट्टीच भिंतीपासून सुटली असेल तर कुकर म्हणून त्याचं काम संपलं. मुठी सैल असताना वापरूही नका. बऱ्याच कुकरमध्ये दोन मुठी एकमेकींवर नीट आल्या तरच झाकण पुरतं अडकलेलं असतं.

प्रश्न : कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्याची कडी सैल झाली आहे. आधी कल्हई की आधी रिव्हेट?

उत्तर : आधी रिव्हेट. ठोकताना आतल्या डोक्याभोवतीची कल्हई तडकतेच, तेव्हा उलटा क्रम केला तर कल्हईचे पैसे वाया. रिव्हेट तांब्याचंच घ्या. पितळेचं मजबूत वाटतं, पण थंड ठोकताना लवकर तडकतं. तांब्याचं रिव्हेट ठोकण्याआधी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊच राहतं, आणि वरची काळी पापडीही निघून जाते. मऊ झालेलं रिव्हेट मेणासारखं भोकात भरतं. ठोकल्यावर आतलं डोकं आणि त्याची कड यांवर कल्हई नीट चढलीय ना ते बघून घ्या. डोक्याच्या कडेखाली उघडं तांबं राहिलं की तिथे हिरवं कीट धरतं. आणि नवी कल्हई झालेलं भांडं कोरडं तापवू नका. कथील 232 अंशांना वितळतं, रिकामं भांडं ज्योतीवर तेवढं तापायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न : एनॅमलच्या भांड्याच्या कानाला रिव्हेट मारता येईल का?

उत्तर : नाही. एनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून चढवलेली काच. ती हातोड्याने टवके होऊन उडते, ड्रिलनेही. कान सुटलेला असेल आणि भोक शाबूत असेल तर स्टेनलेस बोल्ट, दोन्ही बाजूंना पातळ सिलिकॉनचे वॉशर आणि हलका आवळ. टवका आतल्या बाजूला उडालेला असेल तर त्यात शिजवू नका.

प्रश्न : काचेच्या झाकणाची गुंडी गोल फिरते. आवळायची भीती वाटते.

उत्तर : भीती योग्य आहे. ती काच कडक केलेली असते. तिच्या भोकाच्या कडेला धातू थेट टेकला आणि वर आवळ पडला, की झाकण कधीतरी तापलेलं असताना एकदम चुरा होतं. गुंडी उघडून बघा. भोकात सिलिकॉनची बाही किंवा दोन्ही बाजूंना वॉशर असायला हवेत. बहुतेक वेळा एक वॉशर वाळून, चपटा होऊन गेलेला असतो आणि गुंडी त्यामुळेच फिरते. अन्नासाठी चालणाऱ्या सिलिकॉनचा 1 ते 1.5 मिमी जाडीचा नवा वॉशर घाला, बोल्ट भोकाच्या बरोबर मध्ये येतोय ना ते बघा, आणि पेचकस मुठीत न धरता दोन बोटांनी फिरवा. वॉशर कडेने किंचित फुगलेला दिसला की थांबा. काचेच्या भोकाला आधीच टवका उडालेला असेल तर गुंडी बसवूच नका. ते झाकण बदला.